शटरला ताप

वऱ्हाडात घराचा नकाशा काढताना देवघराच्या जागेवर एकमत होतं, न्हाणीघरावर थोडी वादावादी होते आणि रस्त्याकडच्या शटरवर चर्चाच होत नाही. शटर असतंच. अमरावतीत गाडगेनगर-साईनगरातून फिरा, नाहीतर अकोल्यात गोरक्षण रोडनं जा. तळमजल्यावर एक खोली, तिला दाराऐवजी करडं नाहीतर निळं लोखंडी शटर आणि त्यावर घरमालकाच्या हातचं 'येथे गाडी लावू नये'. शटर कशाला काढलं म्हणून विचारलं तर पहिलं उत्तर येतं, "गाडी ठेवाले." चहा होईपर्यंत थांबलात तर दुसरं येतं, "पोराची नोकरी नाईच लागली तं उद्या किराणा तरी टाकता येते." पोराच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज आणि त्या शिक्षणाबद्दलची शंका, दोन्ही एकाच बांधकामात बसतात.

गाडी त्या खोलीत कधीच नसते. ती बाहेर कडुनिंबाखाली, टपावर निंबोळ्या घेऊन उभी असते. आत गव्हाच्या कोठ्या, तुरीचे कट्टे, कुलरचं स्टँड, चाक नसलेली सायकल, लग्नात आलेली आणि दुसऱ्याच्या लग्नात द्यायची म्हणून राखलेली स्टीलची भांडी, गाद्यांची चळत आणि वरच्या फळीवर कुरड्या-पापडांचे डबे. मी अमरावतीचा, स्वतःचं शटर बाळगून असलेला माणूस आहे. तेव्हा हे आतल्या गोटातलं समजा.

आता ऊन. आमच्याकडे लोक उन्हाला शिव्या देतात त्या घरच्या माणसाला देतात तशा; बाहेरच्यानं दिलेल्या खपत नाहीत. पुण्याचा पाहुणा ३८ अंशांना 'काय उकडतंय' म्हणाला, की सगळी बैठक त्याच्याकडे दयेनं बघते. त्यातही अकोला आणि अमरावती यांची चुरस जुनी. पाऱ्यात फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा, पण तो अंश अकोलेकर सोडत नाही. २०१९ च्या एप्रिलअखेर अकोल्याचा पारा ४६ च्या पुढे गेला आणि जगातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत अकोल्याचं नाव आलं. माझ्या अकोल्याच्या साडूंनी ती बातमी मला पाच मिनिटांत पाठवली. पोराचा बारावीचा निकाल कळवायला त्यांना आठवडा लागला होता. पुढे २०२४ च्या मेमध्ये पारा पुन्हा ४५ च्या वर गेला, तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. कामाच्या जागी पाणी आणि पंखे द्या, भर दुपारी शिकवण्या घेऊ नका, असा तो हुकूम होता. दंग्याधोप्यासाठी ठेवलेलं कलम उन्हासाठी काढावं लागलं, याचा साडूंना केवढा अभिमान! आम्ही अमरावतीकर त्या आठवड्यात जरा पडेल चेहऱ्यानंच राजकमल चौकातून ये-जा करत होतो. वर साडूंचा टोमणा ठरलेला : "तुमच्या जिल्ह्यात चिखलदरा हाये भाऊ. तुमाले काय समजन ऊन."

या साडूंचं शटर पश्चिमेला आहे.

पश्चिमेचं शटर म्हणजे काय, हे समजायला सूर्याचं थोडं वेळापत्रक ठाऊक हवं. मेच्या चौथ्या आठवड्यात आमच्या पट्ट्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली खांबाच्या पायाशीच विरते. तेव्हाचा मार स्लॅब खातो, शटर नुसतं बघत असतं. दोननंतर सूर्य कलला की शटरची पाळी येते आणि ती दिवस मावळेपर्यंत संपत नाही. २५ मेपासून नवतपा धरला, तर विचारूच नका. जुन्या माळवदाच्या घरांना दोन-दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती असायच्या; दुपारचं ऊन त्यातून वाट काढत आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि घरातली माणसं अंगणात बाजा टाकून झोपलेली असायची. शटरचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. तो बाहेरून तापला की त्याच क्षणी आतूनही तापलेला असतो.

किती तापतो हे मोजायला साडूंनी कोरोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं पिस्तूल काढलं. ते माणसांसाठी बनवलेलं. बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे त्याला आकडाच येत नाही. शटरवर धरताच त्यानं इंग्रजीत 'हाय' दाखवलं आणि कुईकुई करत लाल झालं. साडूंच्या मातोश्री, म्हणजे गल्लीच्या आजी, ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शटराले ताप हाये का रे? मंग त्याच्या कपायावर पट्टी ठेव पाण्याची." सगळे हसले. आजी हसल्या नव्हत्या, हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

साडूंच्या डोक्यात भलतंच होतं. त्यांचा पुतण्या मिनेसोटात असतो. जानेवारीत तिकडे पारा शून्याच्या खाली वीस-पंचवीस अंश उतरतो. त्यानं एका सुट्टीच्या दिवशी आपल्या गॅरेजच्या दाराला आतून थर्मोकोलचे तक्ते बसवले आणि त्याची फिल्म करून काकांना पाठवली. तिकडे यासाठी तयार संच मिळतो. दार आडव्या फळ्यांचं असतं, प्रत्येक फळीला चौकट असते. त्या मापानं तक्ता कापायचा, चौकटीत बसवायचा, कडेला रबराची पट्टी लावायची, झालं. किती उष्णता अडते ते सांगायला तिकडे 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. इंचभर थर्मोकोलचा साधारण चार. हा आकडा जितका मोठा तितका बंदोबस्त पक्का. तिकडचं गॅरेज घराला चिकटून असतं, त्यामुळे दारातून शिरलेली थंडी थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते, म्हणून ही उठाठेव.

पुतण्यानं फिल्मच्या शेवटी सांगितलं होतं, "काका, सगळं एकट्यानं केलं." साडूंना नेमकं हेच भावलं. अमेरिकेत माणूस एकटा काम करू शकतो कारण तिकडे रस्त्यावरून जाणारा माणूस रस्त्यावरूनच जातो. अकोल्यात तो थांबतो. "काय चालू हाये?" असं विचारतो. उत्तर ऐकून घेत नाही. "असं नका करू, असं करा," म्हणतो आणि ओट्यावर बसतो. साडूंनी पहिल्या दिवशी टेप लावून शटर मोजायला घेतलं, तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला गल्लीतली इतकी माणसं पुढे आली, की कलम १४४ असतं तर सगळेच आत गेले असते.

थर्मोकोल मिळवणं ही पहिली अडचण. एकेकाळी गणपतीच्या आधी सजावटीच्या दुकानांत तक्त्यांच्या थप्प्या लागायच्या. २०१८ च्या बंदीत थर्मोकोलची ताटं-वाट्या गेल्या, मखरांसाठी सवलत मागायला गेलेल्यांना मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला, आणि त्या थप्प्या दिसेनाशा झाल्या. बांधकामाचं सामान विकणाऱ्यांकडे तक्ते मिळतात, पण ते विकत घ्यायचे तर मग स्वतः करण्यात काय राहिलं? साडूंनी गल्लीत निरोप फिरवला. लोकांनी माळ्यांवरून फ्रिजची, टीव्हीची, मिक्सरची खोकी काढली. आमच्याकडे वस्तू बिघडून भंगारात जाते, तिचं खोकं मात्र 'वारंटीले लागते' म्हणून शाबूत असतं. दोन दिवसांत शटरच्या खोलीत गुडघाभर थर्मोकोल जमला. त्यात एकही सपाट तुकडा नव्हता. कुठे टीव्हीचा कोपरा बसायचा खड्डा, कुठे मिक्सरच्या भांड्याचा गोल खळगा.

दुसरी अडचण डिंकाची. साडूंच्या व्याह्यांनी चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन आणलं. "लोखंडाले लोखंड चिपकते यानं, थर्मोकोल काय चीज हाये." थर्मोकोलमध्ये शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग नुसती हवा असते आणि उरलेले दोन भाग सोल्युशनमधल्या द्रावकात विरघळतात, हे रसायनशास्त्र व्याह्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ऐटीत ब्रश फिरवला, तुकडा दाबला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो सुरकुतत, चुरचुरत, आक्रसत गेला. मिक्सरचं खोकं काडेपेटीएवढं झालं. "माल डुप्लिकेट होता," व्याही म्हणाले. सोल्युशन की थर्मोकोल, ते त्यांनी मोघम ठेवलं. मग दुतर्फी चिकटपट्टी लावली. ती सकाळी छान धरून राहिली आणि चारच्या उन्हात सोडू लागली. आजी आत डोळा लावून पडल्या होत्या. दर पाच मिनिटांनी धप्प असा आवाज यायचा आणि त्या विचारायच्या, "कोन आलं व?"

शेवटी सुताराचा पांढरा डिंक वापरला आणि तुकडे बसले. खालपासून वरपर्यंत सगळं शटर आतून पांढरंशुभ्र झालं. साडूंनी फोटो काढून मिनेसोटाला पाठवला, मला पाठवला, कार्यालयातल्या जुन्या गटावर टाकला. सगळीकडून अंगठे आले. मग मेव्हणी म्हणाल्या, गहू दळायला काढायचे आहेत, शटर उघडा.

इतक्या सल्लागारांत एकालाही न सुचलेली गोष्ट अशी की आपलं शटर गुंडाळतं. अमेरिकेतलं दार फळ्या-फळ्यांनी रुळावरून छताखाली सरकतं आणि तिथं आडवं पडून राहतं. पाठीवर थर्मोकोल असला तरी त्याला काही वाटत नाही. आपल्या शटरच्या पट्ट्या चार बोटं रुंदीच्या, एकमेकींत अडकवलेल्या. त्या वरच्या दांड्याभोवती वेढे घेत जातात. तिथं दोन इंच थर्मोकोलला जागा कोण देणार? साडूंनी जोर लावला. शटर कमरेइतकं उचललं गेलं, आतून करकर असा आवाज आला, पांढऱ्या गोळ्यांचा पाऊस पडला आणि ते अडकलं. ना वर, ना खाली. पुढे कितीतरी दिवस घरातलं आणि गल्लीतलं प्रत्येक माणूस त्या खोलीत कमरेत वाकून जात-येत होतं. नव्या सुनेचं वाकणं बघून एका म्हातारबाबांनी तिला आशीर्वादही दिला.

शटरवाला आला. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, हातातली गोळी चुरगाळली. "साहेब, हे कोनं सांगतलं?"

"अमेरिकेतून सांगतलं."

"मंग अमेरिकेच्याच मिस्तऱ्याले बलवा," असं म्हणून तो निघाला. मेव्हणींनी चहा पाजून त्याला परत आणला.

त्यानंतर चंदेरी बबलशीटचा अध्याय झाला. दोन बाजूंना चकचकीत वर्ख, मधे हवेचे फुगे. हे गुंडाळतं, त्यामुळे शटरवाल्याचीही हरकत नव्हती. चकचकीत ॲल्युमिनिअम अंगावर आलेली उष्णता बहुतेक सगळी परत पाठवतं. अट एकच, त्याच्यासमोर मोकळी हवा हवी. साडूंनी तर्क लढवला, की मोकळी हवा बाहेर भरपूर आहे, तेव्हा शीट बाहेरून लावू. तर्क बरोबर होता. उष्णता परत गेली. ती समोरच्या घरी गेली. समोरच्या घराच्या पूर्वेकडच्या खोल्या दुपारनंतर जरा निवायच्या, त्या आता उजळू लागल्या. तिथले काका गॉगल घालून भांडायला आले. "आमच्या टीव्हीत तुमचं शटर दिसते!" पण त्यांच्या मागोमाग काकू आल्या. त्यांनी उजेड पडतो तिथं बाज टाकून कुरड्या घातल्या होत्या आणि त्या एका दिवसात खडखडीत वाळल्या होत्या. "राहू द्या भाऊ, शेवयाही घालून घेतो, मंग काढा." नवरा-बायकोचं तिथंच जुंपलं. तंटा वावधानानं मिटवला. मे महिन्यातलं ते धुळीचं वादळ सुटलं आणि शीटचा एक मोठा तुकडा उडून काकूंच्याच गच्चीवर गेला. तो त्यांनी परत केला नाही.

मधल्या काळात गादीवाला येऊन गेला, त्याचं म्हणणं मला सर्वांत पटलं. "एवढा कापूस पिकते आपल्या इथी, अन् तुम्ही प्लास्टिक चिपकवून रायले?" त्याचं चुकलं नव्हतं. पिंजलेला कापूस आणि थर्मोकोल यांची उष्णता अडवण्याची ताकद जवळपास सारखीच, कारण दोघांतही अडवण्याचं काम कोंडलेली हवाच करते. अमेरिकेत जुन्या जीन्सच्या चिंध्या पिंजून भिंतीत भरायचे थर करतात आणि ते पेटू नयेत म्हणून त्यांवर बोरिक ॲसिडच्या जातीचं औषध मारतात. आपली आजी त्याच चिंध्यांची वाकळ शिवते. बोरिक पावडर आपण कॅरमवर टाकतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्रजांच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या कापसाच्या मुलखात बसून मिनेसोटाच्या दाराची नक्कल करायची, यात काहीतरी उलटं आहे, असं मी साडूंना म्हणालो. ते म्हणाले, "भाऊ, कापसाचा आताचा भाव पायला का?" मी गप्प बसलो.

अखेर काम झालं ते आजींच्या हातून. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं आणि या वेळी सगळे इतके थकले होते की कुणी हसलं नाही. बार्शीटाकळीकडच्या वावरातून तुराट्या आल्या. बांबूच्या चौकटीवर त्या दाट बांधून सुतळीनं आवळल्या, दाभणानं त्यावर बारदाना टाचला, आणि ही ताटी शटरच्या बाहेर, शटरपासून हातभर अंतरावर उभी केली. दुपारी दोन वाजता बारदान्यावर पाणी मारायचं. बस.

शेजारच्या गल्लीत कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक राहतात, त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ताटी पाहिली, मधल्या फटीत हात घालून वारा पाहिला आणि समजावून सांगितलं : ऊन पत्र्यावर पडण्याआधीच अडलं, मधली तापलेली हवा वरून निघून जाते, ओल्या पोत्यातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आतून चिकटवलेला थर पत्रा तापल्यानंतर कामाला लागतो, ही ताटी तापण्याआधीच लागते. आजी सांगत होत्या तोवर तो प्रकार खेडवळ होता. प्राध्यापकांनी सांगितल्यावर तो शास्त्रीय झाला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत तुराट्यांची मागणी वाढली.

साडूंची एक हौस मात्र उरली होती. पुतण्याच्या फिल्ममधली रबराची पट्टी. शटरच्या बुडाशी बोटभर फट होती, ती त्यांनी पट्टी लावून बुजवली. मग आत कुलर लावला. अर्ध्या तासात खोलीतले पापड मऊ पडले आणि माणसं चिकट झाली. वऱ्हाडी कुलर बाहेरची कोरडी गरम हवा ओढतो, ओल्या ताटीतून गाळतो आणि गार-दमट करून आत सोडतो. त्या हवेला दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. वाट नसेल तर तीच ओल आत फिरत राहते. मिनेसोटाच्या दाराची सगळी कमाई फट बुजवण्यात. आमच्या कुलरची फट ठेवण्यात. रात्री तर शटर पुरतं उघडावंच लागतं, कारण दिवसभर तापलेला स्लॅब अंधार पडल्यावर खाली उष्णता सोडू लागतो आणि नीट झाकलेली खोली ती मायेनं धरून ठेवते. साडूंनी पट्टी उपटली. उपटताना शटरचा रंगही निघाला.

खोली गार झाली. म्हणजे चिखलदरा झाली नाही, पण कपाळाच्या पिस्तुलानं आतून शटरवर पहिल्यांदाच आकडा दाखवला. ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. आजींनी आपली बाज तिथं हलवली. दुपारी पत्ते खेळणाऱ्यांची टोळी आली. गॉगलवाले काका समेट करायला म्हणून आले ते उशी घेऊनच. व्याही रोज ताटीवर पाणी मारायचं काम स्वतःकडे घेऊन बसले. सोल्युशनचा विषय निघू नये म्हणून, असं माझं मत. मी अमरावतीहून गेलो तेव्हा मला वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली जागा मिळाली. खाली घोरण्याचे इतके सूर लागले होते की मेव्हणींना गव्हाच्या कोठीपर्यंत जायला वाट नव्हती.

रविवारी संध्याकाळी मिनेसोटाचा फोन आला. साडूंनी कॅमेरा फिरवून ताटी दाखवली, बारदाना दाखवला, झोपलेले व्याही दाखवले. पुतण्या खूश झाला. तिकडचा उन्हाळाही आताशा वाढलाय, म्हणाला, गॅरेजला असं काही करून बघीन. मग त्यानं विचारलं, "आजी, याची आर-व्हॅल्यू किती असेल?"

आजींनी फोन हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. "आर-बीर मले नाई समजत बाप्पा. पन मिरग लागाच्या आंदी ताटी काढून ठेवजो. पान्यात सडली तं मंग चुलीतही जयत नाई."